पिवळा हरताळ

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांस त्यांतील दोन रंगांची ओळख करून देण्याचे कारण नाही. अध्यायाची समाप्ती, श्लोकाचा अंक, बोलणाऱ्याचे नाव ही वाचकाच्या डोळ्यांत चटकन भरावीत म्हणून लेखक तेथे हिंगुळाची तांबडी शाई वापरी, किंवा लिहून झालेल्या अक्षरांवरून गेरूचा हात फिरवी. आणि जे चुकले, जे कोणी वाचू नये, त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई. 'हरताळ फासणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्या लेपापासूनच निघाला. तांबडे ते पाहावे, पिवळे ते पाहू नये, असा हा शेकडो वर्षांचा संकेत. संगणकाने तो उलटा केला. तेथे जे मुद्दाम दाखवावयाचे त्यासच बहुधा पिवळा रंग देतात. आमच्या घरी या रंगाने नवे व जुने अशी दोन्ही कामे एकाच संध्याकाळी केली. त्याची ही हकीकत आहे.

संगणकावर साधा मजकूर लिहिण्याचे जे साधन असते त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्यात एक सोय असते. एखादा शब्द, किंबहुना शब्दाचा नुसता नमुना, त्यास सांगावा. की त्या नमुन्याशी जुळणारी अक्षरे मजकुरात जेथे जेथे असतील तेथे तेथे ती तत्क्षणी रंगून निघतात. पहिल्या नमुन्यास पिवळा रंग दिला तर दुसऱ्यास गुलाबी, तिसऱ्यास हिरवा देता येतो, आणि मजकूर हजार पानांचा असला तरी यंत्रास त्याचे काहीच वाटत नाही. इमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरात तर असे निवडलेले नमुने त्या मजकुरातच नोंदून ठेवण्याची व्यवस्था आहे. म्हणजे पुढे कधी ते पान उघडले तरी तीच अक्षरे पुन्हा रंगविता येतात. या नमुन्यांचे एक छोटेसे व्याकरणच आहे. स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ साली ते प्रथम मांडले, तेही मज्जातंतूंच्या जाळ्याचा विचार करताना. आणि १९६८ साली केन थॉम्पसन याने ते मजकुरातील शोधाच्या कामी कसे लावावे हे दाखविले. पाणिनीने अनेक वर्णांचा समूह 'अच्', 'हल्' अशा एकेका अक्षरी खुणेत बांधला, त्याची आठवण हे व्याकरण शिकताना आम्हांस वारंवार झाली. तेथे चौकटी कंसात दोन चिन्हे घातली म्हणजे 'यांपैकी कोणतेही एक' असा अर्थ होतो, आणि अशाच आणखी काही खुणा आहेत. आम्हांस त्यांतील चार-पाचच येतात. त्या शिकण्याची पाळी आमच्या वडिलांच्या वह्यांमुळे आली.

अण्णा बोईसर येथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९५८ पासून १९८८ च्या जूनपर्यंत, म्हणजे सेवानिवृत्त होईपर्यंत, त्यांनी रोज रात्री दोन-चार ओळी लिहिल्या. अशा तेवीस वह्या त्यांच्या मागे लोखंडी पेटीत निघाल्या. बोईसरच्या खाऱ्या हवेत शाई पुसट होऊ लागली होती व दोन वह्यांस कसरीने गाठले होते, म्हणून दोन पावसाळे खपून आम्ही त्या संगणकावर उतरविल्या. निम्म्या आम्ही, निम्म्या आमच्या भाच्याने. हा भाचा पालघरहून रोज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामास येतो, व संध्याकाळच्या गाडीस वेळ असला म्हणजे आमच्याकडे बसतो. नमुन्यांची विद्या त्याचीच.

वह्यांत काय आहे, तर पाऊस किती पडला, गाडी किती उशिरा आली, शाळेच्या कौलांतून कोठे गळते, कोणत्या मुलाची फी माफ करावयाची, शेजाऱ्याची गाय व्याली. यापलीकडे विशेष काही नाही. आमची धाकटी बहीण उतरवून झालेली पाने वाचू लागली, आणि तिसऱ्या वहीशी येऊन तिने ती मिटली. ती म्हणाली, "दादा, अण्णांनी गाय लिहिली, कौले लिहिली. आईचे नाव एकदा तरी लिहिले आहे का रे?"

आई १९८१ साली गेली. बहीण तेव्हा सतरा वर्षांची होती, व घर तिने सांभाळले. अण्णांनी आईविषयी पुढे आयुष्यात कधी एक शब्द काढला नाही, हे शल्य तिच्या मनात चाळीस वर्षे आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु या वह्यांनी ते असे वर येईल असे वाटले नव्हते. वादात पडण्यापेक्षा यंत्रासच विचारावे असा आम्ही सुज्ञपणा केला. आईचे नाव नमुना म्हणून दिले. (ते आम्ही येथे लिहीत नाही, अण्णांच्या वळणावर जावे हे बरे.) तेवीस वह्यांत तीन ठिकाणी पिवळा रंग उमटला. एकदा रेशन कार्डाच्या नोंदीत, एकदा टपाल कचेरीतील बचत खात्याच्या, एकदा विम्याच्या. बहिणीने पडद्याकडे पाहिले, 'पुरे झाले' एवढेच म्हटले, आणि नेहमी रात्रीच्या गाडीने जाणारी ती बाई सहाच्या गाडीने पालघरास निघून गेली.

आता येथे सुज्ञ वाचक म्हणतील, त्या पिढीचा गृहस्थ आपल्या पत्नीचे नाव लिहील तरी कसा? खरे आहे, ते आम्हांस त्याच वेळी सुचावयास हवे होते. पण यंत्राने एकदा 'तीन' असा आकडा सांगितला, की तो आकडा मनुष्याची बुद्धी काही काळ झाकून टाकतो, असा आमचा अनुभव आहे.

आईचे माहेर तारापूर. बोईसरपासून पश्चिमेस दहा-बारा कि. मी., चिंचणीच्या शेजारी, समुद्रकाठी. तेव्हा नाव नाही तर माहेर शोधावे, असे आम्हांस दुसरे दिवशी वाटले व आम्ही 'तारापूर' हा नमुना दिला. या वेळी रंग भरपूर उमटला. पण पाहतो तो सगळा अणुवीज प्रकल्प. 'तारापूर प्रकल्पाच्या मोटारी गावातून गेल्या.' 'तारापूर प्रकल्प पाहण्यास सातवीचा वर्ग नेला.' 'तारापूर प्रकल्पात रमेशच्या भावास काम लागले.' १९६४ साली या प्रकल्पाचे बांधकाम सुरू झाले व ऑक्टोबर १९६९ मध्ये तेथून वीज रीतसर मिळू लागली. हिंदुस्थानातील हे पहिले अणुवीज केंद्र. त्या पाच वर्षांत आमच्या भागातील कोणत्याही वहीत दुसरे काय असणार? गंमत अशी, की प्रकल्प खुद्द तारापूर गावात नाहीच. तो दक्षिणेस अक्करपट्टी-घिवलीच्या किनाऱ्यावर उभा आहे. तिसरी व चौथी अणुभट्टी आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली; ज्यांची घरे गेली त्यांच्या गावांस केंद्राच्या नावात जागा मिळाली नाही, आणि तारापूरचे नाव मात्र जगभर झाले. असो. आमच्या आईचे तारापूर त्या पिवळ्या रंगात कोठे दिसेना.

भाचा आला तेव्हा आम्ही त्यास हे सांगितले. त्याने एक वही उघडली, बोट ठेवले, आणि म्हणाला, "मामा, हे पाहा. हे रंगलेच नाही." तेथे लिहिले होते: 'तारापुरास जाऊन आणले.'

मराठीची पाचवी इयत्ता ज्याने पाहिली आहे त्यास कारण सांगावयास नको. 'तारापूर' यातील उकार दीर्घ. पण त्यास विभक्ती लागली, 'तारापुरास', 'तारापुरात', 'तारापुराहून' झाले, की तो ऱ्हस्व होतो. आपले डोळे हा भेद भेद म्हणून मोजीतच नाहीत. यंत्राची गोष्ट निराळी. १९९१ पासून जी युनिकोड पद्धती चालू झाली तीत प्रत्येक अक्षरासच नव्हे, तर प्रत्येक काना-मात्रेसही स्वतःचा क्रमांक आहे. त्या हिशेबाने 'तारापूर' हा शब्द चार अक्षरांचा नसून सात चिन्हांचा, आणि त्यांतील सहावे चिन्ह बदलले की यंत्राच्या लेखी ते गाव निराळे. केळवे-माहीमचीही हीच कथा: 'माहीम' विचारावे तर 'माहिमास' हाती लागत नाही. पालघर, वाणगाव, डहाणू ही गावे त्या मानाने सरळ.

'तारापूरला', 'तारापूरचा' असे लिहिले असते तर ते रंगले असते. पण अण्णा जुन्या वळणाचे. त्यांस 'स' प्रत्यय प्रिय. त्यामुळे घडले असे, की प्रकल्पाचे नाव जेथे पाटीवरच्यासारखे कोरडे उभे होते तेथे सर्वत्र रंग चढला, आणि जेथे जेथे कोणी तारापुरास गेले, तारापुरात राहिले, तारापुराहून परतले, म्हणजे माणसांची जा-ये झाली, तेवढी स्थळे नेमकी कोरी राहिली. इतक्या पिवळ्या रंगाने पान भरल्यावर उरलेले कोण वाचतो? आम्ही तरी वाचले नव्हते. तो लेप खरोखर हरताळाचाच होता.

भाच्याने 'प' नंतर चौकटी कंस घातला व त्यात दोन्ही उकार लिहिले. हे उकार एकटे लिहिले तर यंत्र प्रत्येकाबरोबर एक ठिपक्यांचे वर्तुळ काढते, म्हणजे 'याचे अक्षर कोठे आहे?' असे जणू विचारते. मग त्याने कळ दाबली, आणि १९५९ पासून पुढची पाने उजळली. 'मंडळींस तारापुरास पोचविले. एस. टी. दीड तास उशिरा.' 'तारापुराहून पत्र नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'तारापुराहून पत्र नाही.' आणि १९६१ च्या वहीत: 'तारापुराहून निरोप. मुलगा. दोघे सुखरूप. गूळ वाटला.' त्या 'दोघे' मधील एक आम्ही. आमच्या जन्माची नोंद आम्ही स्वतः त्या यंत्रावर उतरविली होती, आणि ती उतरविताना आमचे लक्ष गुळाकडे होते!

येथून आम्हांस या विद्येची गोडी लागली. नाव शोधावयाचे नाही, तर अण्णा नावाऐवजी काय लिहीत ते शोधावयाचे. 'मंडळी' हा शब्द त्यांनीच हाती दिला. त्यास गुलाबी रंग दिला. त्यातून शाळेतील मंडळी, गावातील मंडळी, भजनी मंडळी वगळाव्या लागल्या, पण ते हाताने झाले. 'कुटुंब' यास हिरवा. 'कुटुंबास ताप', 'कुटुंबाचे दात', 'कुटुंबास चष्मा, रु. १८'. मग राहिले ते सर्वांत अवघड, म्हणजे सर्वनाम. अण्णा पुष्कळ ठिकाणी नुसते 'हिने', 'हिला' एवढेच लिहीत. ही म्हणजे कोण हे लिहिणारास ठाऊक होते व वाचणारा कोणी असेल ही कल्पनाच नव्हती. आम्ही 'हिने' हा नमुना दिला. क्षणात पाने निळी झाली, आणि अण्णांच्या अबोल संसाराबद्दलचा आमचा आनंद आकाशात मावेना; जवळ जाऊन पाहिले तो ते 'महिने' निघाले. 'पगार दोन महिने थकला.' 'तीन महिने पाऊस.' 'हिला' चा प्रताप तर याहून मोठा: पहिला, महिला, राहिला, पाहिला, लिहिला, वाहिला. मराठीत जेवढे म्हणून कोणी राहिले आणि लिहिले तेवढ्या सर्वांच्या पोटात ही 'हिला' बसलेली आहे, हे आम्हांस पासष्टाव्या वर्षी कळले.

यावर उपाय म्हणून शब्दाची सीमा सांगण्याची एक खूण असते. म्हणजे शब्द येथून सुरू झाला पाहिजे, मधूनच नव्हे. ती लावली. 'महिला' आणि 'पहिला' यांवरचा रंग उतरला, पण 'राहिला' व 'पाहिला' तसेच रंगलेले! आम्हांस वाटले यंत्र बिघडले. भाच्याने पुष्कळ वेळ डोके खाजविले, तेव्हा उलगडा झाला. आमचा एडिटर काना, वेलांटी, उकार यांस अक्षरांत धरीतच नव्हता. 'पहिला' यात 'हि' च्या मागे 'प' हे अक्षर आहे, म्हणून तेथे शब्द मोडत नाही हे त्यास कळे. 'राहिला' यात मागे काना आहे, आणि काना म्हणजे त्याच्या लेखी विरामचिन्हाच्याच पंक्तीचे काहीतरी. तेव्हा 'रा' येथे शब्द संपला व 'हिला' हा नवा सुरू झाला, असे तो समजे. ज्यांनी ही साधने घडविली त्यांच्या लिपीत स्वर अक्षराच्या खांद्यावर बसत नाही, तो शेजारी उभा राहतो. आता सर्वच एडिटर असे नाहीत, व युनिकोडच्या नियमकर्त्यांनीही मात्रांस शब्दात धरावे असे सांगितले आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही चूक अजून भेटते. शेवटी सीमेची खूण सोडून 'हिला' च्या मागे मोकळी जागा किंवा ओळीचा आरंभ असावा असा नमुना केला, तेव्हा पान निवळले. 'हिने पापड केले.' 'हिला तारापूरची आठवण.' ही नोंद १९७४ ची. कोणत्या आठवणीने काय झाले ते लिहिलेले नाही.

एक स्थळ मात्र काही केल्या सापडेना. चिंचणीच्या किनाऱ्यावर आम्ही सर्वजण एकदा गेलो होतो, आईने पाण्यात पाय बुडविले होते, हे बहिणीस पक्के आठवते व आम्हांस मुळीच नाही. 'किनाऱ्यावर' हा नमुना दिला तो आमच्या उतरविलेल्या वह्यांत रंगे, भाच्याच्या वह्यांत रंगत नसे. हे कोडे सोडविण्यास दोन संध्याकाळी गेल्या. 'ऱ्य' हे जोडाक्षर लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात 'ऱ' हे निराळेच चिन्ह वापरतात. दुसऱ्यात साध्या 'र' चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. आमची कळपाटी पहिल्या मार्गाची, त्याची दुसऱ्या. दोन्ही नमुने दिले, आणि १९७१ च्या मे महिन्यात ते निघाले: 'मंडळी व मुलांसह चिंचणीच्या किनाऱ्यावर. भरती. मुलगी भ्याली.' बहिणीच्या आठवणीत ती स्वतः भ्याली होती हे नाही.

१९८१ च्या वहीस आम्ही मुद्दाम शेवटी हात घातला. त्या दिवसाची तारीख आम्हांस शोधावी लागत नाही. त्या पानावर पिवळा, गुलाबी, हिरवा, निळा यांपैकी एकही रंग नव्हता. 'पहाटे ४-१० ला गेली. पाऊस.' एवढेच. कोण गेली ते नाही. आमच्या अविचारी हाताने 'गेली' हाही नमुना दिला, आणि तेवीस वह्यांत तो किती ठिकाणी उमटावा! गाडी गेली, वीज गेली, सुट्टी फुकट गेली, गेली दहा वर्षे. त्या गर्दीत ते एक 'गेली' इतरांसारखेच रंगून बसले. आम्ही तो रंग ताबडतोब काढून टाकला.

त्यानंतरच्या पानांत अर्थातच 'मंडळी' नाही, 'कुटुंब' नाही, 'हिला' नाही. पाऊस, गाडी, कौले. पण आम्ही पाने पुढे सरकवीत असता एके ठिकाणी पिवळे दिसले. 'तारापुरास जाऊन आलो.' पुढच्या वर्षी पुन्हा. १९८१ पासून १९८७ पर्यंत, वर्षातून एकदा, सात वेळा, तेच तीन शब्द. प्रकल्पास त्या वेळी वर्ग न्यावयाचा नव्हता, शाळेस सुट्टी होती. तारखा पाहिल्या तर दर वर्षी निराळ्या, ऑक्टोबर, नोव्हेंबर. काही मेळ बसेना. भाचा म्हणाला, "मामा, तारखेने नाही जुळत तर तिथीने पाहा." पंचांग काढले. सातही दिवस दिवाळीच्या पाडव्याचे.

तारापूरच्या घरी आता मामेभाऊ असतात. त्यांस दूरध्वनी करून विचारले. ते म्हणाले, "हो, मास्तर यायचे ना. ओटीवर बसायचे. माझी आई चहा द्यायची, तो घ्यायचे, आणि पुढच्या एस. टी. ने जायचे. बोलत काही नसत." आम्ही त्या दिवशी घरी असू, अण्णा कोठे जातात हे आम्ही विचारले नाही. पाडव्यास ओवाळणी घालावयास ज्यास कोणी नाही, त्याने दिवसभर घरात का बसावे, असे आम्हांस वाटले असेल, की काहीच वाटले नसेल, हे आज सांगता येत नाही.

दुसऱ्या रविवारी बहीण आली. आम्ही तिला पडद्यासमोर बसविले नाही. मूळ वह्याच काढल्या, सातही ठिकाणी कागदाचे तुकडे घालून ठेवले होते. तिने एकेक पान उघडले, पुसट झालेल्या शाईवर बोट ठेवले, आणि विचारले, "पाडव्याला?" आम्ही होय म्हटले. पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही. मग भाच्यास म्हणाली, त्या यंत्रावर आणखी एक शब्द घालून पाहा. कोणता, तर 'चहा'. तो घातला. आई माहेरी गेली म्हणजे अण्णा दुसऱ्या दिवशी हमखास लिहीत, 'चहा स्वतः केला'. हे आमच्या ध्यानात आले नव्हते, तिच्या आले होते. १९५९ पासूनची ती सारी स्थळे तिने मोजली. १९८१ नंतर तो मजकूर एकदाही नाही; त्यापुढे चहा तीच करीत असे.

जाताना तिने १९८१ ची वही पिशवीत घातली. भाचा म्हणाला, तिची प्रत यंत्रावर आहे, हवी तर छापून देतो. तिने मूळचीच नेली. ती अजून पालघरास आहे.